हवामान धोरणाच्या संघटित विरोधाचा इतिहास : पैसा, संघटना आणि भारताचे नाव

प्रस्तावना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्याजवळ टोपी बाजार आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली. त्या छावणीचे पुढे शहर झाले आणि 'लष्कर' हेच त्याचे नाव कायम राहिले. दरबाराबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथेच स्थायिक झाली आणि बाड्याच्या आसपास बाजारपेठ वाढत गेली. मे-जून महिन्यांत येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. दुकानदार निदान सावलीत बसतो. फेरीवाला, हमाल आणि हातगाडी ओढणारा यांना ती सोयही नसते. दिवसाची मजुरी सोडणे किंवा उन्हात उभे राहणे, एवढेच दोन मार्ग त्यांच्यापुढे असतात.

पृथ्वीचे तापमान वाढण्यास कोळसा, तेल आणि वायू यांचे ज्वलन मुख्यतः कारणीभूत आहे, ही गोष्ट गेल्या शतकाच्या अखेरीस जगातील सरकारांपुढे आली होती. २३ जून १९८८ रोजी शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने हवामान बदलाविषयीचा आंतरशासकीय मंच, म्हणजे आयपीसीसी, स्थापन झाला. असे असूनही पुढील अनेक वर्षे धोरण रखडले. त्याची कारणे अनेक आहेत. ऊर्जेची गरज खरी होती, श्रीमंत आणि गरीब देशांमधील वाद खरे होते आणि रोजगार जाण्याची भीतीही खरी होती. परंतु या खऱ्या कारणांबरोबरच एक विरोध पैसा ओतून, संघटना उभारून, योजनापूर्वक घडविण्यात आला. प्रस्तुत निबंधात त्या विरोधाची पद्धत आणि त्यासाठी झालेला भारताच्या नावाचा वापर यांचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पद्धतीचे मूळ : तंबाखू उद्योग

या पद्धतीचा उगम तेल उद्योगात नसून तंबाखू उद्योगात सापडतो. धूम्रपान आणि कर्करोग यांचा संबंध दाखविणारे संशोधन प्रसिद्ध होऊ लागल्यावर डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतील प्रमुख सिगारेट कंपन्यांचे अधिकारी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एकत्र आले. हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेचा सल्ला घेण्यात आला. जानेवारी १९५४ मध्ये चारशेहून अधिक वृत्तपत्रांत एक जाहीर निवेदन छापून आले आणि उद्योगाच्या पैशावर एक संशोधन समिती उभी राहिली. सिगारेट निर्दोष आहे हे सिद्ध करण्याची त्यांना गरज नव्हती. प्रश्न अजून सुटलेला नाही, तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणखी संशोधन हवे, एवढे लोकांच्या मनावर बिंबले तरी पुरेसे होते. ब्राऊन अँड विल्यमसन या कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात तर शंका हाच आपला माल असल्याचे उघडपणे मान्य करण्यात आले होते.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वैज्ञानिक वादात दोन्ही पक्षांना निर्णय हवा असतो. या पद्धतीत मात्र निर्णय लांबणीवर पडणे हाच विजय असतो. वाद जितका काळ चालू राहील तितका काळ माल विकला जातो.

काही माणसेही एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात आली. भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक साईट्झ यांनी आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीचे सल्लागार म्हणून काम केले होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्ज सी. मार्शल इन्स्टिट्यूटचे ते एक संस्थापक होते. हीच संस्था पुढे तापमानवाढीविषयी शंका उपस्थित करणाऱ्या संस्थांमध्ये अग्रभागी राहिली.

माहिती असूनही विरोध

तेल कंपन्यांना वस्तुस्थितीची कल्पना नव्हती, असे म्हणता येत नाही. १९७७ मध्ये एक्सॉन कंपनीतील ज्येष्ठ शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी आपल्या वरिष्ठांना कार्बन डायऑक्साइडच्या परिणामांविषयी माहिती दिली होती. त्यानंतर कंपनीने स्वतःचे संशोधनही हाती घेतले. एका तेलवाहू जहाजावर उपकरणे बसवून हवेतील आणि समुद्रातील या वायूचे मोजमाप केले गेले. ही कागदपत्रे २०१५ मध्ये पत्रकारांनी उजेडात आणली. २०२३ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात त्यांतील आकडेवारीची तपासणी प्रसिद्ध झाली. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात वर्तविलेल्या तापमानाच्या अंदाजांपैकी ६३ ते ८३ टक्के अंदाज पुढे अचूक ठरल्याचे तीत आढळले.

१९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटार, वीज आणि रसायन उद्योगांतील कंपन्या व त्यांच्या संघटनांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोएलिशन' ही आघाडी स्थापन केली. नावावरून ती हवामानाच्या रक्षणासाठी असावी असे वाटे. प्रत्यक्षात उत्सर्जनावर बंधनकारक मर्यादा येऊ न देणे हे तिचे काम होते. या आघाडीच्या तांत्रिक सल्लागारांनी १९९५ मध्ये एक अंतर्गत टिपण तयार केले. हरितगृह परिणामाचा आणि मानवी उत्सर्जनाच्या संभाव्य प्रभावाचा शास्त्रीय पाया पक्का असून तो नाकारता येत नाही, असे त्यात नमूद होते. विरोधकांचे पर्यायी सिद्धान्त पटण्यासारखे नाहीत, असेही सल्लागारांनी लिहिले होते. हा दुसरा भाग अंतिम मसुद्यातून वगळण्यात आला. हे टिपण २००९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने प्रसिद्ध केले. म्हणजे आघाडी बाहेर ज्याविषयी शंका पसरवीत होती, ते तिच्याच तज्ज्ञांनी आत मान्य केले होते.

संघटन कसे झाले

या विरोधाची रचना तीन पातळ्यांवर दिसते. पहिली पातळी पैसा देणाऱ्यांची. दुसरी पातळी संशोधन संस्था, विचारमंच आणि नागरिकांच्या नावाने चालणाऱ्या संघटना यांची. तिसरी पातळी वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि लोकप्रतिनिधी यांची. पहिल्या पातळीवरचा माणूस तिसऱ्या पातळीवर सहसा बोलत नाही. त्याचे म्हणणे मधल्या संस्थेच्या तोंडून येते आणि म्हणूनच ते निःपक्षपाती वाटते. हिंदीत आणि मराठीतही टोपी घालण्याचा अर्थ फसविणे असा होतो आणि ग्वाल्हेरच्या बोलण्यात 'इसकी टोपी उसके सिर' हा प्रयोग नवा नाही. येथे टोपी उद्योगाची होती आणि डोके दुसऱ्याचे.

१९९१ मधील एक मोहीम या दृष्टीने अभ्यासनीय आहे. कोळसा आणि वीज उद्योगांच्या संघटनांनी 'इन्फर्मेशन कौन्सिल ऑन द एन्व्हायर्नमेंट' नावाची संस्था पुढे करून काही निवडक अमेरिकी शहरांत सुमारे पाच लाख डॉलर खर्चाची प्रायोगिक जाहिरात मोहीम चालविली. तापमानवाढ ही वस्तुस्थिती नसून केवळ एक कल्पना आहे, अशी तिची प्रतिमा घडवावी, हा हेतू मोहिमेच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेला होता. कोणावर प्रभाव टाकायचा हेही त्यात ठरले होते. वयस्क आणि कमी शिकलेले पुरुष हा एक गट, तर कमी उत्पन्न असलेल्या तरुण स्त्रिया हा दुसरा. ज्यांना पडताळून पाहण्याची साधने कमी, त्यांचीच निवड झाली होती. ही कागदपत्रे बाहेर आल्यावर मोहीम बंद पडली, परंतु पद्धत टिकून राहिली.

भारताचे नाव

या इतिहासात भारताचा प्रवेश १९९७ मध्ये ठळकपणे होतो. क्योटो येथील परिषद डिसेंबरमध्ये व्हायची होती. तत्पूर्वी उद्योगांच्या आघाडीने सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्चाची जाहिरात मोहीम अमेरिकेत राबविली. हा करार जागतिक नाही आणि तो उपयोगी पडणार नाही, असा तिचा सूर होता. दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत कात्रीने जगाच्या नकाशातून भारत, चीन, मेक्सिको हे देश कापून काढलेले दाखविले जात. अमेरिकी नागरिकाने भार सोसायचा आणि हे देश मोकळे राहणार, असा त्याचा अर्थ होता. २५ जुलै १९९७ रोजी अमेरिकी सिनेटने बर्ड-हेगल ठराव ९५ विरुद्ध ० मतांनी संमत केला. विकसनशील देशांवर बंधन नसेल तर अमेरिकेने अशा करारावर सही करू नये, असा त्याचा आशय होता. एका मोहिमेमुळे ९५ मते पडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण कामगार संघटनांची आणि राज्यांच्या हितसंबंधांची भूमिकाही त्यामागे होती. मात्र मोहिमेने लोकांपुढे ठेवलेला युक्तिवाद आणि ठरावाची भाषा यांतील साम्य सहज दिसते.

वस्तुस्थिती अशी की त्या काळात अमेरिकेत माणशी वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे २० टन होते आणि भारतात ते एक टनाच्या आसपास होते. भारताची बाजू काय आहे हे तोपर्यंत मांडले गेले नव्हते, असेही नाही. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 'ग्लोबल वॉर्मिंग इन अॅन अनइक्वल वर्ल्ड' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. अमेरिकेतील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने भारताची गणना मोठ्या प्रदूषक देशांत केली होती, तिला हे उत्तर होते. पोट भरण्यासाठी केलेले उत्सर्जन आणि चैनीसाठी केलेले उत्सर्जन एकाच मापाने मोजता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती.

या ठिकाणी एक फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे. 'भारताचे काय?' हा प्रश्न दोन्हीकडून विचारला गेला. अग्रवाल आणि नारायण यांच्या मांडणीचा निष्कर्ष असा होता की ज्याने अधिक केले त्याने आधी आणि अधिक करावे. जाहिरातीतील कात्रीचा निष्कर्ष असा होता की कोणीच काही करू नये. प्रश्न एकच असला तरी एक वाट न्याय्य कृतीकडे जाते आणि दुसरी निष्क्रियतेकडे.

दुसरा युक्तिवाद दीर्घायुषी ठरला. मार्च २००१ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी क्योटो कराराला विरोध जाहीर करताना चीन आणि भारत यांना त्यातून सूट असल्याचे कारण दिले. त्याच वर्षी परराष्ट्र खात्यातील एका वरिष्ठ अधिकारी ग्लोबल क्लायमेट कोएलिशनच्या प्रतिनिधींना भेटणार होत्या. त्या भेटीसाठी तयार केलेल्या सरकारी टिपणात, अध्यक्षांनी करार नाकारला तो काही अंशी तुमच्या सल्ल्यामुळे, असे सांगण्याची सूचना होती. माहितीच्या अधिकाराच्या अमेरिकी कायद्यान्वये हे टिपण पुढे उघड झाले. २००२ मध्ये आघाडी विसर्जित झाली. बीपी, शेल, फोर्ड यांसारखे सदस्य त्याआधीच बाहेर पडले होते. १ जून २०१७ रोजी पॅरिस करारातून माघार जाहीर करताना अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीही भारताचे नाव घेऊन तसाच मुद्दा मांडला. अमेरिका २०२१ मध्ये करारात परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा माघारीचा आदेश निघाला.

पैशाचा माग

या कामावर नेमका किती पैसा खर्च झाला हे ठरविणे कठीण आहे आणि अभ्यासकांनी येथे सावधगिरी बाळगली पाहिजे. युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या संस्थेच्या २००७ च्या अहवालानुसार एक्सॉनमोबिलने १९९८ ते २००५ या काळात ४३ संघटनांना सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर दिले. सप्टेंबर २००६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कंपनीला पत्र लिहून अशा संघटनांना मदत देण्याविषयी जाब विचारला होता. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रुल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९१ संघटनांचे २००३ ते २०१० या काळातील एकत्रित वार्षिक उत्पन्न सरासरी ९० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे दाखविले. हा आकडा पुष्कळदा चुकीच्या पद्धतीने उद्धृत केला जातो. ते त्या संघटनांचे एकूण उत्पन्न आहे. त्यांपैकी बहुतेक संघटना कर, शिक्षण, आरोग्य अशा इतर विषयांवरही काम करीत असल्याने सर्व रक्कम हवामानाच्या विरोधावर खर्च झाली असे म्हणता येत नाही.

ब्रुल यांचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. २००७ नंतर एक्सॉनमोबिलशी आणि कोक बंधूंशी संबंधित प्रतिष्ठानांच्या उघड देणग्या कमी होत गेल्या. त्याच काळात १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'डोनर्स ट्रस्ट'सारख्या मध्यस्थ निधीमधून येणारा वाटा वाढला. अशा निधीत देणगीदार पैसा जमा करतो आणि निधी तो पुढे देतो. घेणाऱ्या संघटनेच्या हिशेबात मूळ देणगीदाराचे नाव दिसत नाही. टीका वाढली तसा पैशाचा माग पुसट होत गेला.

शिक्षकांकडे मोर्चा

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या इतिहासातील एक धागा अधिक जवळचा आहे. एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने तयार झालेली एक संपर्क योजना 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या हाती लागली. हवामान विज्ञानातील अनिश्चितता सामान्य नागरिकांना पटेल तेव्हा विजय झाला असे समजावे, असे तीत म्हटले होते. पत्रकार आणि लोकप्रतिनिधी यांच्याबरोबर विज्ञान शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा कार्यक्रमही तीत होता. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या मनात ही अनिश्चितता रुजली तर क्योटोसारख्या उपायांना पुढे आपोआप अडथळा उभा राहील, हा त्यामागील हिशेब होता. २०१७ मध्ये शिकागोजवळच्या हार्टलँड इन्स्टिट्यूटने शास्त्रज्ञांमध्ये तापमानवाढीविषयी मतभेद असल्याचे सांगणारी पुस्तिका अमेरिकेतील हजारो विज्ञान शिक्षकांना टपालाने विनामूल्य पाठविली.

महाराष्ट्रालाही अशा 'शिक्षणा'चा एक अनुभव आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पाच्या संदर्भात एन्रॉन कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी १९९५ मध्ये अमेरिकी संसदीय समितीपुढे साक्ष दिली. भारतीयांचे शिक्षण आणि प्रकल्पाची उभारणी प्रक्रिया यांवर, प्रकल्पखर्च सोडून, कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केल्याचे त्यांनी सांगितले. या विधानावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. हीच एन्रॉन कंपनी क्योटो कराराच्या मात्र बाजूने होती. नैसर्गिक वायूची विक्री आणि उत्सर्जन परवान्यांचा व्यापार यांत तिला नफा दिसत होता. म्हणजे हवामान धोरणाला पाठिंबा देणारा प्रत्येक आवाज निःस्वार्थ असतो असे नाही. पैशाचा माग दोन्ही बाजूंनी काढावा लागतो.

विरोध करणारा प्रत्येक जण विकत घेतलेला असतो, असा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे आहे. खाणकामगाराला रोजगाराची चिंता असते. डिझेल महागले तर टोपी बाजारात माल आणणाऱ्या टेम्पोचालकाचे दिवसाचे गणित बिघडते. ही भीती कोणी पैसे देऊन निर्माण केलेली नाही. तिला उत्तर देणे हे धोरणकर्त्यांचे कर्तव्य आहे. संघटित विरोधाने केले ते असे की या खऱ्या भीतीला उत्तर न शोधता तिचा आडोसा घेतला. न्यायालयांतही प्रत्येक आरोप टिकला असे नाही. गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याच्या न्यूयॉर्क राज्याच्या खटल्यात डिसेंबर २०१९ मध्ये निकाल एक्सॉनमोबिलच्या बाजूने लागला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. संघटित विरोधाचा खरा उद्देश विज्ञान खोटे ठरविणे हा नव्हता, वेळ मिळविणे हा होता. त्यासाठी बोलणारा आणि पैसे देणारा यांच्यात अंतर ठेवण्यात आले. त्या वेळकाढूपणाला नैतिक आधार हवा होता, तो गरिबांच्या आणि भारतासारख्या देशांच्या नावाने मिळविण्यात आला. ज्यांचे नाव वापरले त्यांना कोणी विचारले नव्हते.

इतिहासाच्या अध्यापकाला साधनांची चिकित्सा नवीन नाही. बखर वाचताना ती कोणी लिहिली, कोणाच्या आश्रयाने लिहिली आणि कोणत्या हेतूने लिहिली हे प्रश्न तो विद्यार्थ्यांना विचारायला शिकवितोच. हेच प्रश्न आजच्या अहवालाला, जाहिरातीला आणि विनामूल्य आलेल्या पुस्तिकेलाही लागू पडतात. त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी लागेल : या युक्तिवादाच्या शेवटी काही करावयाचे सुचविले आहे, की केवळ थांबावयाचे? लष्करातील किंवा महाराष्ट्रातील एखाद्या महाविद्यालयात १९९७ ची कात्रीची जाहिरात आणि १९९१ ची दिल्लीची पुस्तिका एकाच तासाला शेजारी ठेवून हे प्रश्न विचारता येतील. दोन्हींत भारताचा उल्लेख आहे. त्यांपैकी भरउन्हात हातगाडी ओढणाऱ्या माणसाची बाजू कोणती घेते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे.